मोटरहोमचा एअर हॉर्न वाजत नाही? नवा मागवायच्या आधी हे एवढं करा

एप्रिल आला की मला ठरलेले फोन सुरू होतात. इकडे अमेरिकेत आपल्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी जुन्या मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाड्या, घेतल्यात, हिवाळाभर त्या स्टोरेजच्या पटांगणात उभ्या असतात, बाहेर काढल्या की पहिलं वाक्य, "अरे हॉर्न गेला रे, नवा कुठला घेऊ?" मी विचारतो, बटन दाबल्यावर काय ऐकू येतं? तर पलीकडे शांतता. ऐकलेलंच नसतं. वाजला नाही म्हणजे गेला, एवढंच.

माझ्याकडे आलेल्या केसेसमध्ये भोंगा स्वतः खराब निघाला असं फारच कमी वेळा झालंय, आणि तरी लोक पहिल्यांदा भोंगाच बदलतात कारण तो दिसतो. बाकी सगळं, म्हणजे रिले (बटनाच्या इशाऱ्यावर हॉर्नची वीज जोडणारा छोटा स्विच), अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी वाट), नळी, सोलेनॉइड (विजेने उघडणारा हवेचा व्हॉल्व्ह), हे लपलेलं असतं. म्हणून खाली जो क्रम दिलाय तो तसाच पाळा, मधला टप्पा गाळून पुढे उडी मारलीत तर शंभर-दीडशे डॉलर जातील आणि हॉर्न तसाच राहील. मी स्वतः घालवलेत, त्याची गोष्ट पुढे येईलच.

## १. आधी तुमची सिस्टीम कुठली ते ओळखा

एअर हॉर्नला हवा दोन ठिकाणांहून मिळते.

पेट्रोलवाल्या, म्हणजे इकडच्या भाषेत गॅसवाल्या गाडीत बहुतेक वेळा मुठीएवढा १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर असतो. बटन दाबलं की तो फिरतो आणि हवा सरळ भोंग्यात जाते. टाकी नाही, काही नाही. काहींनी नंतर टाकी बसवून घेतलेली असते, तेव्हा मध्ये प्रेशर स्विच (टाकीतला दाब बघून कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा) आणि सोलेनॉइड येतो.

मोठ्या डिझेल पुशरमध्ये, जिथे इंजिन मागे आणि ब्रेक हवेचे, तिथे वेगळा कॉम्प्रेसर नसतो. ब्रेकसाठी इंजिन जी हवा भरतं त्यातलीच थोडी हॉर्नला मिळते, मध्ये एक सोलेनॉइड व्हॉल्व्ह असतो, बटन दाबलं की तो उघडतो.

हे ओळखायला दोन मिनिटं लागतात. डॅशवर हवेच्या दाबाचे काटे आहेत आणि पार्किंग ब्रेक म्हणून पिवळं बटन आहे? मग बहुधा दुसरा प्रकार. बहुधा म्हणतोय कारण आधीच्या मालकाने डिझेल गाडीतही स्वस्तातला कॉम्प्रेसरवाला हॉर्न लावलेला मी पाहिलाय. त्यामुळे भोंग्यापासून नळी धरून मागे मागे जा आणि ती कशाला जोडलीये ते डोळ्यांनी बघा.

इथे होणारी चूक: दोन्ही प्रकारांचे भोंगे दिसायला सारखे असतात पण एकमेकांच्या जागी चालत नाहीत. छोट्या कॉम्प्रेसरचा भोंगा अगदी कमी दाबावर वाजायला बनवलेला असतो, त्याला ब्रेकच्या टाकीतली १२० पीएसआयची हवा दिलीत तर आतला पडदा, म्हणजे थरथरून आवाज काढणारी पातळ चकती, फाटतो. आणि ट्रकचा भोंगा छोट्या कॉम्प्रेसरला लावलात तर तो दमेकऱ्यासारखा नुसता श्वास टाकतो. ऑनलाइन "युनिव्हर्सल" लिहिलेलं बघून मागवू नका.

## २. तयारी

सामान फार लागत नाही. डिजिटल मल्टीमीटर, एक टेस्ट लॅम्प, मध्ये फ्युज असलेली जंपर वायर, पाने, वायर ब्रश, फवारणीच्या बाटलीत साबणाचं पाणी, टॉर्च. कानात घालायला बोळे, हे सगळ्यात आधी. भोंग्याजवळ उभं असताना कोणी बटन दाबलं तर पुढचा अर्धा दिवस कानात शिट्टी वाजते. आणि एक माणूस. बटन दाबायला दुसरा माणूस लागतोच, एकट्याने पळापळ करून हे काम होत नाही. बायकोला किंवा मुलाला बसवा आणि ठरवून घ्या की "दाब" म्हटल्याशिवाय दाबायचं नाही.

गाडी सपाट जागेवर, पार्किंग ब्रेक लावलेला, चाकांना पुढून-मागून ठोकळे. कॅम्पग्राउंडमध्ये असाल तर शेजाऱ्याला सांगा, आणि रात्रीच्या शांततेच्या वेळेत तर अजिबात नको.

जिवाची गोष्ट, नीट वाचा: डिझेल पुशरचं सस्पेन्शन हवेच्या फुग्यांवर असतं. हवा गेली की अख्खी गाडी काही इंच खाली बसते, आणि ती हळू बसेलच असं नाही. नुसते लेव्हलिंग जॅक लावून खाली शिरू नका, जॅक गाडी समतल करायला असतात, पेलून धरायला नाही. चेसीच्या, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या, खाली वजन झेलणारे पक्के स्टँड असतील तरच अंग आत घाला. ते नसतील तर खालचं काम मेकॅनिककडे द्या, हॉर्नसाठी एवढी हौस नको.

## ३. फुकटात सुटणाऱ्या तीन गोष्टी

पाना अजून खाली ठेवा.

पहिली, डॅशवरचा स्विच. बऱ्याच मोटरहोममध्ये दोन हॉर्न असतात, एक साधा इलेक्ट्रिक आणि एक एअर, आणि कुठला वाजवायचा ते ठरवणारा छोटा स्विच डॅशवर किंवा ड्रायव्हरच्या डाव्या हाताच्या पॅनेलवर असतो. साफसफाई करताना तो फडक्याने पडतो. साधा हॉर्न वाजतोय पण एअर नाही, असं असेल तर आधी हा स्विच. एका मित्राकडे मी पंचेचाळीस मैल गाडी चालवत गेलो होतो फक्त हा स्विच टक् करून वर करायला. चहा मात्र चांगला मिळाला.

दुसरी, बॅटरी. मोटरहोममध्ये घराची बॅटरी वेगळी आणि इंजिनाची, म्हणजे चेसीची, वेगळी. आतले दिवे लागतायत, पंखा फिरतोय म्हणून बॅटरी ठीक असं धरून चालू नका, ते सगळं घराच्या बॅटरीवर चालतं. हॉर्न सहसा चेसीच्या बॅटरीवर असतो. स्टोरेजला लावताना तिचा कटऑफ स्विच बंद केला होतात का? चेसीच्या बॅटरीवर मीटर लावा, उभ्या गाडीत १२.४ ते १२.७ व्होल्ट दिसले पाहिजेत. १२ च्या खाली असेल तर आधी ती चार्ज करा, बाकीचं नंतर.

तिसरी फक्त डिझेलवाल्यांसाठी, हवा भरलीये का? ही चूक इतक्या जणांची होते की काय सांगू. ब्रेकच्या टाकीतून हॉर्नकडे जाणाऱ्या वाटेत एक प्रेशर प्रोटेक्शन व्हॉल्व्ह असतो. त्याचं काम एकच, दाब ठराविक आकड्याच्या खाली आला की हॉर्न, हवेच्या सीट वगैरे फालतू गिऱ्हाइकांची हवा बंद करायची म्हणजे ब्रेकला पुरेल. हा आकडा साधारण ६५ ते ८५ पीएसआयच्या मध्ये असतो. तुम्ही सकाळी इंजिन चालू करून लगेच हॉर्न दाबलात आणि काटा ५० वर असेल तर तो वाजणार नाही, आणि वाजू नयेच. इंजिन चालू ठेवा, काटे १२०-१३० पर्यंत जाऊ द्या, एअर ड्रायरमधून (हवेतलं पाणी काढणारा डबा) फस्स असा मोठा आवाज येईल, मग दाबा.

तपासणी: तिन्ही ठीक आणि तरी वाजत नाही? मग पुढे चला. वाजला तर लेख इथेच बंद करा आणि फिरायला निघा.

## ४. आता ऐका

रेडिओ बंद, इंजिन बंद (डिझेलवाल्यांनी हवा भरून मग बंद करा), बोनेटचं झाकण किंवा पुढचा फ्लॅप उघडा. एकजण आत बटन दाबेल, तुम्ही बाहेर. काय ऐकू येतं त्यावर पुढचा रस्ता ठरतो.

काहीच नाही, टिक् सुद्धा नाही: बटनाचा इशारा रिलेपर्यंतच पोचत नाहीये. टप्पा ५ आणि ६.

रिलेतून टिक् येतं पण पुढे काही नाही: बटन, स्टिअरिंग, ते सगळं ठीक आहे. टप्पा ५ आणि ७.

कॉम्प्रेसर घूं घूं फिरतोय पण भोंगा गप्प किंवा नुसती फुसफुस: विजेचा प्रश्नच नाही, मल्टीमीटर ठेवून द्या. टप्पा ९ आणि १०.

डिझेलमध्ये सोलेनॉइड टिक् करतोय पण आवाज नाही: टप्पा ८.

वाजतो पण घोगरा, बेसूर, किंवा दोनपैकी एकच भोंगा वाजतो: सरळ टप्पा १०.

वाजतो पण मरगळलेला: बहुतेक वेळा टप्पा ७. लोक इथे कॉम्प्रेसर बदलतात. थांबा.

छोट्या कॉम्प्रेसरचा हॉर्न बटन दाबल्यावर किंचित उशिरा सूर पकडतो, तो बिघाड नाही, हवा भरायला तेवढा वेळ लागतोच. पण आधी असा नव्हता आणि आता लागतोय, तर मग आहे काहीतरी.

## ५. रिले काढा, सिस्टीमचे दोन तुकडे करा

सगळ्यात जास्त वेळ वाचवणारा टप्पा हाच आहे आणि सगळ्यात जास्त लोक हाच गाळतात.

आधी फ्युज. फ्युज बॉक्सच्या झाकणावर हॉर्न कुठला ते छापलेलं असतं, पण एअर हॉर्न नंतर बसवलेला असेल तर त्याचा फ्युज बॅटरीजवळच्या वायरमध्येच एका काळ्या डबीत लटकत असतो. फ्युज नुसता बघून ठेवू नका, काढून मीटरने कंटिन्युइटी, म्हणजे वीज आरपार जाते का ते, बघा, पायाशी केसाएवढी चीर असते ती दिसत नाही. डबी उघडून टर्मिनल हिरवी झालीयेत का तेही बघा.

सावधान: फ्युज पुन्हा पुन्हा उडतोय म्हणून २० च्या जागी ३० किंवा ४० टाकू नका. छोटा कॉम्प्रेसर १५ ते २० अँपिअर खातो, वायर त्याच हिशोबाची असते. मोठा फ्युज टाकलात की फ्युजऐवजी वायर जळते, आणि ही गाडी म्हणजे प्लायवूड, फोम आणि गॅसची टाकी असलेलं तुमचं घर आहे.

आता रिले. खाली चार पाय, त्यांच्याजवळ बारीक अक्षरात ३०, ८५, ८६ आणि ८७ हे आकडे. शेजारी त्याच नंबरचा दुसरा रिले असेल, फॉग लाइटचा वगैरे, तर दोघांची अदलाबदल करून बघा. वाजला तर सहा-सात डॉलरमध्ये काम झालं.

नाही वाजला तर रिले काढूनच ठेवा. टेस्ट लॅम्पची क्लिप चांगल्या अर्थला लावून सॉकेटच्या ३० नंबरला टोक टेकवा, लॅम्प पेटला पाहिजे. नाही पेटला तर बॅटरीकडून वीजच येत नाहीये, मागे जा. पेटला तर फ्युजवाली जंपर वायर ३० आणि ८७ मध्ये एक सेकंद लावा.

हॉर्न वाजला? म्हणजे रिलेच्या पुढचं सगळं, वायर, कॉम्प्रेसर किंवा सोलेनॉइड, भोंगा, चांगलं आहे, आणि चूक बटनाच्या बाजूला आहे. टप्पा ६. नाही वाजला? मग बटनाला हात लावायचं कारण नाही, टप्पा ७. एका सेकंदात अर्धी गाडी संशयातून बाहेर.

इथे होणारी चूक: बॅटरीवरून साधी वायर ओढून कॉम्प्रेसरला "डायरेक्ट" देऊन बघणं. आत शॉर्ट असेल तर वायर हातात तापते. मध्ये फ्युज हवाच.

## ६. बटनाची बाजू

बहुतेक गाड्यांमध्ये हॉर्नचं बटन वीज देत नाही, अर्थ देतं. म्हणजे ८५-८६ पैकी एका पायाला १२ व्होल्ट आधीच असतात आणि बटन दाबलं की दुसरा पाय अर्थ होतो. टेस्ट लॅम्प ह्या दोन पायांच्या सॉकेटमध्ये लावा, आतल्या माणसाला म्हणा "दाब". लॅम्प पेटला म्हणजे बटन ठीक, रिलेच खराब. नाही पेटला तर बटन, डॅशवरचा निवड-स्विच, किंवा स्टिअरिंगमधली क्लॉक स्प्रिंग.

डॅशचा स्विच आधी बघा, स्वस्त असतो आणि बरेचदा तोच निघतो. पॅनेल काढा, मागच्या पिना हलवून बघा, स्विचच्या दोन टोकांमध्ये कंटिन्युइटी बघा.

क्लॉक स्प्रिंग म्हणजे स्टिअरिंग फिरताना वायर तुटू नये म्हणून गुंडाळलेली चपटी पट्टी. ती जाते तेव्हा खुणा सोडून जाते, स्टिअरिंग डावीकडे वळवलं की हॉर्न वाजतो आणि सरळ केलं की नाही, किंवा क्रूझ कंट्रोलची बटनंही त्याच दिवशी मेली. नव्या डिझेल कोचमध्ये स्टिअरिंगवर बरीच बटनं असतात आणि हॉर्नचा सिग्नल एका इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलमधून जातो, तिथे हे लॅम्प लावून तपासणं करू नका, मॉड्यूल जाळाल.

थांबा: स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असेल, व्हॅनवर बांधलेल्या छोट्या मोटरहोममध्ये सहसा असते, तर स्टिअरिंग घरी उघडायचं नाही. पिवळ्या रंगाचा कनेक्टर दिसला की हात मागे घ्या.

ह्या बाजूचं काम वर्कशॉपकडे दिलंत तरी तुम्ही कुठपर्यंत तपासलंय हे सांगा, तासाच्या हिशोबाने पैसे घेतात ते.

## ७. वायर आणि अर्थ, पण लोड चालू असताना

आता माझी शंभर डॉलरची गोष्ट. आमच्या आधीच्या गॅसवाल्या गाडीचा हॉर्न मरगळला होता, बकरी ओरडावी तसा. मी कॉम्प्रेसरचा प्लग काढला, मीटर लावला, बटन दाबायला लावलं, १२.४ व्होल्ट. एकदम मस्त. म्हणजे कॉम्प्रेसर गेला. नवा मागवला, गाडीखाली पाठीवर पडून दोन तास घालवून बसवला, आणि बकरी जशीच्या तशी. मग डोक्यात प्रकाश पडला की प्लग काढून मोजलं तर करंट वाहतच नव्हता, एका धाग्याने लटकलेली वायरसुद्धा मीटरला पूर्ण व्होल्ट दाखवते. प्लग लावून, कॉम्प्रेसर फिरत असताना मोजलं तर ७ व्होल्ट. अर्थचा बोल्ट काढला तर खालचा वायसर एका बाजूने चकचकीत आणि दुसऱ्या बाजूने हिरवी-पांढरी पावडर, बोट लावलं की झडत होती. न्यू जर्सीच्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात त्याचा प्रताप. वायर ब्रश आणि पाच मिनिटं, बस.

तर मोजायचं असं. प्लग जागेवर, कॉम्प्रेसर चालू, मीटर व्होल्टवर. काळी पिन कॉम्प्रेसरच्या अर्थ टर्मिनलला, लाल पिन बॅटरीच्या निगेटिव्हला. अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा आला पाहिजे, उणे चिन्ह आलं तरी चालेल. तसंच पॉझिटिव्ह बाजूला, एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरी कॉम्प्रेसरच्या पॉझिटिव्हला, इथेही अर्ध्याच्या आत. ज्या बाजूला जास्त आलं ती बाजू खराब. मग एक पिन तशीच ठेवून दुसरी एकेक जोड मागे सरकवत जा, आकडा जिथे धाडकन उतरतो तोच जोड.

पिना काढून-लावून हे करताना बटन सलग दाबून धरू नका, हे छोटे कॉम्प्रेसर चार-पाच सेकंदांच्या वर चालवायचे नसतात, तापतात. दाबा, वाचा, सोडा, अर्धा मिनिट थांबा.

अर्थ साफ करताना रंग खरवडून उघडं लोखंड दिसलं पाहिजे, बोल्ट घट्ट केल्यावर वरून ग्रीस, आधी नाही. नवीन वायर टाकायचीच झाली तर १४ गेजपेक्षा बारीक नको, लांब टाकायची तर १२ (गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड).

दोन्ही बाजू चांगल्या, टर्मिनलवर ११ च्या पुढे व्होल्ट, आणि कॉम्प्रेसर गप्प? मग तो अडकलाय. ह्यातले बरेच कॉम्प्रेसर आत सरकत्या पात्यांचे असतात, वर्षभर न वापरल्याने गंज धरून चिकटतात. हवा आत घेण्याच्या भोकात शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब टाका, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने बाहेरून हलके टकटक करा आणि एकेक सेकंद दाबून बघा. निम्मे तरी जिवंत होतात. दोन-तीन थेंब म्हणतोय, पिचकारी नाही, तेल भोंग्यात गेलं की पडदा चिकटतो.

नवा बसवताना तो उभा, हवा निघायचं तोंड वर, असा बसवा. आडवा बसवला की पाणी आत साचतं आणि पुढच्या वर्षी पुन्हा हाच लेख.

## ८. डिझेलवाल्यांचा सोलेनॉइड

टिक् येतंय पण आवाज नाही, किंवा टिक्‌च नाही.

टिक् नसेल तर प्लग काढून कॉइलचा रेझिस्टन्स मोजा. दहा-वीस ओमच्या आसपास काहीतरी दिसलं तर कॉइल शाबूत, मीटर नुसता "ओएल" दाखवत असेल तर आत तुटलीये. कॉइल चांगली आणि तरी टिक् नाही, तर वर टप्पा ७ सारखंच वायर आणि अर्थ.

टिक् येतंय तर दोन शक्यता, हवा सोलेनॉइडपर्यंत येत नाहीये किंवा त्यातून पुढे जात नाहीये. हे कळायला आधी सोलेनॉइडच्या पुढची, भोंग्याकडे जाणारी नळी काढा, तिच्यात बटन दाबेपर्यंत हवा नसते त्यामुळे सुरक्षित. आता "दाब". जोरात हवा आली तर सोलेनॉइड छान, दोष भोंग्यात. नाही आली तर हवेच्या सीट चालतात का बघा. त्याही बसल्या असतील तर गडबड आणखी मागे आहे, प्रोटेक्शन व्हॉल्व्ह किंवा सगळ्यांची मिळून येणारी नळी. सीट चालतायत म्हणजे सोलेनॉइड तुंबलाय.

सावधान: सोलेनॉइडच्या मागच्या नळीत ब्रेकच्या टाकीचा दाब असतो. ती काढायच्या आधी टाक्यांची हवा पूर्ण सोडा. हवा सोडली की गाडी खाली बसणार, म्हणजे टप्पा २ मधली धोक्याची गोष्ट पुन्हा वाचा. आणि कुठली नळी हॉर्नची, कुठली ब्रेकची हे शंभर टक्के माहीत नसेल तर पाना लावू नका. नुसत्या रंगावर विश्वास ठेवू नका, आधीच्या मालकाला जी मिळाली ती त्याने लावलेली असते.

सोलेनॉइड उघडलात तर आत बहुधा दोनच गोष्टी सापडतात, पाणी-तेलाचा राखाडी चिखल, नाहीतर पांढऱ्या टेफ्लॉन टेपचा तुकडा. कोणीतरी आधी फिटिंगला टेप गुंडाळताना अगदी टोकापर्यंत गुंडाळली, ती फाटून आत जाऊन व्हॉल्व्ह जिथे बंद होतो त्या कडेवर बसली. टेप लावायचीच तर पहिले दोन आटे मोकळे सोडा, नाहीतर द्रवरूप सीलंट वापरा. चिखल निघाला तर नुसतं पुसून भागणार नाही, टाक्यांमधलं पाणी काढा आणि एअर ड्रायरची कार्ट्रिज शेवटची कधी बदलली ते आठवा. आठवत नसेल तर बदला. तेच पाणी थंडीत नळीत गोठतं, त्यामुळे "सकाळी वाजत नाही, दुपारी वाजतो" हा प्रकार दिसला की मी थेट ड्रायरकडे जातो.

## ९. नळ्या आणि गळती

साबणाचं पाणी फवारून फुगे बघा. कॉम्प्रेसरवाल्यांना बटन दाबलेलं असतानाच बघावं लागतं कारण एरवी दाबच नसतो, डिझेलवाल्यांना सोलेनॉइडच्या मागचा भाग कधीही. उंदरांनी कुरतडलेली नळी मी तीनदा पाहिलीये, तीनही वेळा जेवणाच्या टेबलाएवढ्या मोकळ्या जागेतून न जाता नेमकी बॅटरीच्या डब्याच्या कोपऱ्यात, जिथे हात पोचत नाही.

तुकडा कापून नवा जोड टाकताना नळी ब्लेडने सरळ कापा, पक्कडीने चेपून नाही. दाबून बसणाऱ्या फिटिंगमध्ये नळी पहिल्यांदा अडते तिथे संपत नाही, आणखी थोडी आत जाते, म्हणून कापायच्या आधी मार्करने खूण करून घ्या. डिझेलला एअरब्रेकवाली नायलॉन नळीच, मत्स्यालयाची पारदर्शक नळी नको. हसू नका, पाहिलंय.

## १०. भोंगा

इथपर्यंत आलात म्हणजे हवा भोंग्यापर्यंत येतेय हे नक्की. टॉर्च मारून तोंडातून आत बघा.

आमच्या छतावरच्या जोडीतला लांब भोंगा एकदा अचानक मुका झाला. मी पडदा उघडायच्या तयारीत, तेवढ्यात साताऱ्याहून आलेले सासरे शिडीवर चढले, टॉर्च मारला आणि म्हणाले, "जावईबापू, कुंभारणीनं घर केलंय की हो ह्यात." खरंच, कुंभारीण माशीने मातीचे चार नळ एकाला एक लिंपून ठेवले होते, सगळ्यात आतला पार गळ्यापर्यंत. इकडे ही माशी उन्हाळाभर असते आणि तिला गाडीतलं कुठलंही भोक चालतं, हीटरचं धुराडंसुद्धा. कोमट पाणी ओतून माती भिजू दिली, बाटली धुवायच्या ब्रशने काढली, तोंड खाली करून वाळवला. वाजला.

चूक: तोंडातून हवेच्या गनने जोरात फुंकणं. कचरा मागे पडद्यावर जाऊन बसतो आणि पडदा उलटा वाकतो. साफसफाई नेहमी भोंग्याचं तोंड खाली धरून, आतून बाहेर.

आत मोकळं असूनही घोगरा असेल तर मागचं झाकण. उघडायच्या आधी झाकण आणि बॉडीवर मार्करने एक सरळ रेघ ओढा, कारण झाकण किती आवळलंय त्यावर सूर अवलंबून असतो. पडदा काढून उजेडासमोर धरा, कडेने केसाएवढी चीर असेल तर बदला, चिकटवून चालत नाही. चांगला असेल तर मऊ फडक्याने पुसा, बसण्याची कड पुसा, स्प्रेचं तेल मारू नका. परत लावताना रेघेला रेघ, मग वाजवून पाव-पाव फेरा इकडे-तिकडे. दोन्ही भोंगे वेगळ्या सुरांचे असतात, एकसारखे करायचा प्रयत्न करू नका.

बसवताना तोंड किंचित खाली झुकलेलं, नाहीतर पाऊस आत. छताला नवीन भोक पाडायचं टाळा, जुनीच वापरा आणि सीलंट नवीन भरा. गळक्या छताचा खर्च हॉर्नच्या कितीतरी पट आहे.

## ११. उलटा बिघाड, हॉर्न थांबतच नाही

बटन उपटायच्या मागे लागू नका. रिले ओढून काढा. थांबला? मग एकतर रिलेचे आतले संपर्क चिकटलेत, नवा टाका, किंवा बटनाची वायर कुठेतरी घासून अर्थ होतेय, टप्पा ६ उलट्या बाजूने करा. डिझेलमध्ये रिले काढूनही वाजतोय, तर सोलेनॉइडचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाहीये, आत कचरा आहे. नुसती सतत बारीक फुसफुस येत असेल तरी कारण हेच, आणि ती सोडून देऊ नका, रात्रभरात टाकी रिकामी होते.

## १२. परत जोडल्यावर

दोन-दोन सेकंदांचे तीन-चार हॉर्न, मध्ये विश्रांती. कॉम्प्रेसरच्या वायरला हात लावून बघा, कोमट चालेल, गरम नाही. डिझेलवाल्यांनी इंजिन बंद करून दाबाचा काटा लिहून ठेवा आणि तासाभराने परत बघा, आधीपेक्षा जास्त वेगाने उतरत असेल तर तुमचाच एखादा जोड गळतोय. इंजिन चालू असूनही काटा ६० च्या खाली जाऊन वॉर्निंग बझर वाजत असेल तर गाडी हलवायचीच नाही, तो ब्रेकचा प्रश्न आहे.

साधा इलेक्ट्रिक हॉर्नही वाजवून बघा. कायद्याला हॉर्न लागतो, कॅलिफोर्नियात तर तो २०० फुटांवरून ऐकू आला पाहिजे असा नियमच आहे, त्यामुळे एअर हॉर्नचं काम अर्धवट राहिलं तरी साधा चालू असेल तर प्रवास अडत नाही. आणि भारतात सुट्टीला गेल्यावर भावाच्या गाडीला असलाच बसवून द्यायचा बेत असेल तर सोडा, तिकडे कर्कश आणि वेगवेगळे सूर एकामागून एक काढणाऱ्या हॉर्नवर मोटार वाहन नियमांत बंदी आहे.

स्टोरेजला लावताना कॉम्प्रेसरमध्ये तेलाचा एक थेंब, टाक्यांतलं पाणी काढलेलं, आणि भोंग्यांच्या तोंडाला जुने मोजे रबरबँडने बांधलेले, कुंभारीण येत नाही. मोजे भडक रंगाचे घ्या आणि बांधलेत तशी चिठ्ठी स्टिअरिंगला चिकटवा. मागच्या एप्रिलमध्ये मी चिठ्ठी लावली नव्हती, अर्धा तास फ्युज आणि रिले तपासत होतो, शेवटी धाकटी वर बघून म्हणाली, "बाबा, त्याने मोजे का घातलेत?"